चित्र सापडतं, पत्ता सापडत नाही

कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला डिझर्टेशनचा विषय ठरला की पहिलं काम मोबाइलवर होतं. पिंटरेस्टवर एक बोर्ड उघडला जातो आणि चार दिवसांत त्यात दीडशे चित्रं जमतात. त्यांतलं एखादं नऊवारी नेसलेल्या बाईचं असतं, खाली कोणीतरी नुसतं ‘धुरंधर’ लिहिलेलं असतं. गाईड विचारतात : चित्र कोणत्या सालचं? माप किती? मूळ जलरंग आहे की छापील पान? आज ते कुठे आहे? विद्यार्थिनी फोन पुढे करते. फोनमध्ये चित्र आहे, पण या चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

यानंतरचं वाक्यही ठरलेलं असतं : “सर, मराठीत कलेवर काही मिळतच नाही.” हे वाक्य गेली कित्येक वर्षं एका वर्गातून पुढच्या वर्गाकडे चालत आलं आहे आणि ते खरं नाही. साधनं आहेत. ती वेगवेगळ्या नावांखाली, वेगवेगळ्या कपाटांत, दोन-तीन भाषांत आणि दोन-तीन देशांत विखुरलेली आहेत, आणि त्यांच्याकडे घेऊन जाणाऱ्या सूची अपुऱ्या आहेत. इंटरनेट आल्यावर चित्रांच्या प्रती उदंड झाल्या, पत्ते मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. हा आढावा त्या पत्त्यांचा आहे. कुठे काय मिळतं, काय मिळत नाही आणि वाट कुठून सुरू करावी, हे पाहण्यासाठी एकच चित्रकार मोजपट्टी म्हणून घेऊ.

महादेव विश्वनाथ धुरंधर यासाठी सोयीचे आहेत. जन्म १८६७, कोल्हापूर, मृत्यू १९४४. १८९० साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. त्यांनी तैलचित्रं केली, जलरंग केले, पुस्तकांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी चित्रं काढली, नवी दिल्लीच्या सचिवालयातलं भित्तिचित्रांचं कामही केलं. इतक्या तऱ्हांनी पसरलेला चित्रकार शोधता आला, तर बाकीचे शोधण्याची रीत आपोआप कळते.

आधी कोश, मग सूची, मग शोधपेटी

बहुतेकांची चूक पहिल्याच पायरीवर होते. शोधपेटीत नुसतं ‘धुरंधर’ टाकलं, तर आता २०२५ सालचा हिंदी चित्रपट समोर येतो. ‘एम. व्ही. धुरंधर’ टाकलं तर लिलावांची पानं येतात. काय शोधायचं हे ठरलेलं नसेल तर यंत्र त्याच्या मनाचं काहीतरी देतं. म्हणून सुरुवात कोशापासून करावी.

मराठीची या बाबतीत परिस्थिती समजली जाते त्यापेक्षा बरी आहे. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्यातल्या कलाविषयक नोंदी आज संगणकावर फुकट वाचता येतात. तंत्र, शैली, परिभाषा यांच्यासाठी ती उत्तम पहिली पायरी आहे. माणसांसाठी ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड आहे. सुहास बहुलकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेल्या या खंडात महाराष्ट्रातल्या चित्रकार-शिल्पकारांच्या चरित्रनोंदी एकत्र मिळतात आणि त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली आहे. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हा खंड नाही, तिथल्या विद्यार्थ्यांनी तो विकत घेण्याचा अर्ज करावा. डिझर्टेशनचं निम्मं काम त्या एका अर्जात आहे.

कोशातून नाव, साल, संस्था हाती आली की सूचीकडे वळावं. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे एकट्या माणसाच्या चिकाटीचं काम आहे. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. दाते यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या सूची मंडळाने १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांचीही सूची केली. या दोन्ही सूचींत कला हा विषय चिमूटभरच आहे, पण जो आहे तो नेमका आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे १९५० नंतर हाताला धरून नेणारं तितकं भरवशाचं काही नाही. दुसरी याहून मोठी : नियतकालिकाचं नाव मिळतं, पण त्याच्या कोणत्या अंकात कोणी चित्रकलेवर लिहिलं ते बहुतेकदा मिळत नाही. हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हने, म्हणजे २००० साली सुरू झालेल्या संस्थेने, दक्षिण आशियातल्या आधुनिक आणि समकालीन कलालेखनाची एक सूची संगणकावर ठेवली आहे. त्यात मराठी लेखनाच्या नोंदी आहेत. मराठी कलालेखनाची वाट हाँगकाँगवरून जावी, यात आनंद मानायचा की खंत, हे ज्याचं त्याने ठरवावं. वाट मात्र वापरावी.

ग्रंथालय : तीन कपाटं

ग्रंथालयात शिरल्यावर विद्यार्थी सरळ कलेच्या कपाटाकडे जातो. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात सातशेचे आकडे कलेचे आहेत : ७३० शिल्प, ७४० रेखाटन आणि सजावट, ७५० चित्रकला, ७६० मुद्राचित्रण, ७७० छायाचित्रण. भारतीय चित्रकलेचा इतिहास ७५९.९५४ च्या आसपास असतो. हे आकडे पाठ असावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. मराठीतलं कलेवरचं बरंचसं अस्सल लेखन या कपाटात नसतंच.

धुरंधरांचंच पाहा. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं १९४० सालचं पुस्तक कलाशाळेच्या इतिहासाचं पहिल्या हाताचं साधन आहे. मात्र बहुतेक ग्रंथालयांत ते आत्मचरित्रांत ठेवलेलं असतं. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार. त्यांचं ‘माझी स्मरणचित्रे’ हेही तिथेच. तिसरं कपाट ललित आणि समीक्षेचं. द. ग. गोडसे यांचं ‘पोत’ आणि ‘शक्ती सौष्ठव’, प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ ही पुस्तकं कधी कलेत, कधी निबंधात, कधी ‘संकीर्ण’ नावाच्या अडगळीत सापडतात. म्हणून एक साधा नियम : कला, चरित्र आणि ललित ही तिन्ही कपाटं पाहिल्याशिवाय ‘पुस्तक नाही’ असं म्हणू नये. आणि ग्रंथपालांना विचारावं. संगणकात ज्याची नोंद नाही त्याची आठवण अनेकदा त्यांना असते.

पुस्तक हाती आलं की ते कोणी, कधी, कशासाठी लिहिलं हे आधी बघावं. धुरंधर ज्या कलाशाळेबद्दल लिहितात तिच्यात १९२० च्या दशकात ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या अमलाखाली भारतीय शैलीच्या पुनरुज्जीवनाचा मोठा वाद चालला होता. धुरंधर त्या वादाच्या ऐन मध्यात होते. त्यांची आठवण मोलाची आहे, पण ती एका बाजूची साक्ष आहे. दुसरी साक्ष सॉलोमन यांच्या इंग्रजी लेखनात, तिसरी सरकारी अहवालांत, चौथी अंबिकाबाईंच्या घरातल्या आठवणींत. डिझर्टेशनमध्ये चार पुस्तकांची नावं लिहिण्यापेक्षा या चार साक्षी समोरासमोर बसवणं जास्त उपयोगाचं.

कोणत्या ग्रंथालयात काय मिळेल? मुंबईत १८०४ साली सुरू झालेली एशियाटिक सोसायटी जुन्या इंग्रजी ग्रंथांसाठी आणि नियतकालिकांसाठी. तिने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने आपल्या संग्रहाचा काही भाग संगणकावरही आणला आहे. १८९८ चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि त्याहून पाच वर्षांनी जुनं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय ही मराठी पुस्तकांसाठी आणि मासिकांच्या फायलींसाठी. पुण्यात १९१० चं भारत इतिहास संशोधक मंडळ मराठेशाहीतल्या चित्रांसाठी, पोथ्यांसाठी आणि कागदपत्रांसाठी; १९१७ चं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर शिल्पशास्त्र आणि चित्रसूत्रांच्या संस्कृत ग्रंथांसाठी; डेक्कन कॉलेज लेणी, मंदिरं आणि पुरातत्त्वासाठी. पणजीचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून चालत आलेलं आहे, आणि पोर्तुगीज काळातल्या गोव्यावर काम करायचं तर तिथे बसण्याला पर्याय नाही.

या सगळ्या ठिकाणी जाताना ओळखपत्र, महाविद्यालयाचं पत्र आणि वेळ घेऊन जावं. पत्रावर विषय नेमका लिहिलेला असावा. ‘भारतीय कला’ असं लिहून गेलेल्याला दोन पुस्तकं दाखवली जातात. ‘१९०० ते १९३० मधली मुंबईतली पुस्तकचित्रं’ असं लिहून गेलेल्यासाठी एखादे वेळी कुलूपबंद कपाट उघडतं. एका संग्रहात मी तीन दिवस कार्डांचे खण उपसले आणि हवी ती फाइल चौथ्या दिवशी सापडली, कारण ती चित्रकाराच्या नावाखाली नव्हती, ज्यांनी देणगी दिली त्यांच्या आडनावाखाली होती. तेव्हापासून मी कोणत्याही संग्रहात आधी देणगीदारांची यादी मागतो.

मासिकांच्या फायली आणि फाडलेली मुखपृष्ठं

मराठी दृश्यकलेचा मोठा हिस्सा भिंतीवर टांगला गेलाच नाही. तो मासिकांतून घराघरांत पोचला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे दिवाळी अंक हे चित्रकारांचं वार्षिक प्रदर्शनच झालं. दीनानाथ दलालांचं ‘दीपावली’, रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं यांच्यावर आज विद्यार्थी हौसेने विषय घेतात. त्यांना अडवणारी गोष्ट अगदी साधी आहे. ग्रंथालयांत मासिकांचे अंक वर्षावर्षांनी बांधले जातात आणि बाइंडिंग करताना मुखपृष्ठं नि जाहिरातींची पानं पुष्कळदा काढून टाकली जातात. साहित्याच्या अभ्यासकाला त्याने फरक पडत नाही. चित्रकलेच्या अभ्यासकाचं मूळ साधनच कात्रीखाली जातं.

त्यामुळे इथे ग्रंथालयापेक्षा रद्दीवाला, जुन्या पुस्तकांचे फूटपाथवरचे गठ्ठे आणि घरगुती संग्रह जास्त कामाचे ठरतात. आजोबांच्या माळ्यावरचे सुटे अंक बांधलेल्या फायलींपेक्षा मोलाचे, कारण त्यांचं मुखपृष्ठ शाबूत असतं. असा अंक मिळाला तर मुखपृष्ठाबरोबर आतलं श्रेयपानही टिपून घ्यावं. कोणत्या ब्लॉकमेकरने ठसे केले, कोणत्या छापखान्यात छपाई झाली, किंमत किती, हे सगळं चित्राच्या पत्त्यात मोडतं.

शेजारच्या भाषेकडेही बघावं लागतं. मुंबईत हाजी महंमद अल्लारखिया यांनी १९१६ ते १९२० या काळात ‘वीसमी सदी’ हे देखणं गुजराती मासिक चालवलं. त्यात धुरंधरांची चित्रं आहेत, आणि त्याचे अंक संगणकावर पाहता येतात. मराठी चित्रकाराचं काम गुजराती मासिकात असेल हे ज्याच्या मनात येत नाही, त्याला ते कधीच सापडणार नाही. मुंबईची कला कधीच एका भाषेची नव्हती.

इंग्रजी नियतकालिकांत ‘मार्ग’ हे पहिलं नाव. मुल्कराज आनंद यांनी १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या या नियतकालिकाचे जुने अंक म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या कलाविचाराची रोजनिशीच. ललित कला अकादमीची स्थापना १९५४ ची. तिची ‘ललित कला’ ही पत्रिका प्राचीन कलेसाठी आणि ‘ललित कला कंटेम्पररी’ आधुनिक कलेसाठी. याखेरीज प्रदर्शनांचे कॅटलॉग आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे. अशा संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांचे कॅटलॉग चित्राचं त्या वेळचं नाव, किंमत आणि चित्रकाराचा पत्ता सांगतात. चारपानी पत्रकं, निमंत्रणपत्रिका, भित्तिपत्रकं यांना ग्रंथालयं पुस्तक मानत नाहीत आणि त्यामुळे जपतही नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांतल्या प्रदर्शनांचा इतिहास लिहिताना नेमके हेच कागद लागतात.

मूळ चित्र आणि त्याचा कागद

पुस्तकं, मासिकं कितीही चाळली तरी चित्रकलेत पहिलं साधन म्हणजे प्रत्यक्ष चित्र. मोबाइलच्या पडद्यावर सहा फुटी तैलचित्र आणि पोस्टकार्ड एकाच मापाचे होतात. रविवर्म्याचं मूळ तैलरंगातलं काम आणि त्याच्याच छापखान्यातलं ओलिओग्राफ पडद्यावर जवळजवळ सारखं दिसतं. दोन्हींचा इतिहास, गिऱ्हाईक आणि किंमत मात्र अगदी वेगळी. म्हणून संग्रहालयात जायलाच हवं : मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सातारा जिल्ह्यात औंधचं श्री भवानी संग्रहालय. औंधचा संग्रह बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभा केला. ते स्वतः चित्रकार होते आणि महाराष्ट्रातल्या वास्तववादी चित्रकारांचं काम एका छताखाली पाहायचं तर इतकं निवांत ठिकाण दुसरं नाही. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने २०१८ साली मुंबईत धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. अशा प्रदर्शनांची पुस्तकं पुढे वर्षानुवर्षं कामाला येतात.

संग्रहालयात चित्राखालची पाटी वाचून थांबू नये, अ‍ॅक्सेशन नंबर उतरवून घ्यावा. तो चित्राचा आधार क्रमांक समजावा. नाव बदलतं, साल चुकतं, दालन बदलतं, नंबर टिकतो. डिझर्टेशनमध्ये चित्राखाली चित्रकार, शीर्षक, साल, माध्यम, माप, संग्रह आणि हा नंबर, एवढं लिहिलं की पुढचा माणूस डोळे मिटून तिथे पोचतो.

गोव्यातली दोन उदाहरणं इथे सांगण्यासारखी आहेत. आंतोनियो शाविएर त्रिंदाद हे मूळ गोव्याचे, धुरंधरांचे समकालीन आणि कलाशाळेतले. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीला फुंदासांव ओरिएंतमध्ये आहे. आंजेलो द फोन्सेका यांची हयात पुण्यात गेली, पण त्यांच्या कामाचा मोठा संग्रह गोव्यातल्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आहे. मुंबई-पुण्याचा कलेतिहास लिहिताना पणजीचं तिकीट काढावं लागतं ते असं.

कागदपत्रांसाठी पुराभिलेखागार. कलाशाळा शिक्षण खात्याखाली होती, त्यामुळे तिच्या नेमणुका, पगार, तक्रारी, शिष्यवृत्त्या मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या शिक्षण खात्याच्या फायलींत आणि वार्षिक अहवालांत शोधाव्या लागतात. त्याआधीच्या काळासाठी पुण्याचं पेशवे दफ्तर आहे, पण तिथे मोडी वाचता आली पाहिजे. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात. कलेच्या विद्यार्थ्याला तर लिपीचं वळण डोळ्यांना लवकर कळतं, हा अनुभव आहे.

लंडन, न्यू हेवन आणि घरचा खण

आपली काही साधनं देशाबाहेर आहेत, हे मान्य करून पुढे जावं लागतं. पुण्याचे गंगाराम तांबट हे उत्तर पेशवाईतले चित्रकार. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी त्यांनी १७९० च्या दशकात रेखाटनं केली, त्यांत वेरूळची लेणीही आहेत. ती रेखाटनं आज अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. केंद्राने ती संगणकावर खुली ठेवली आहेत, त्यामुळे पुण्यातल्या मुलाला तांबटांची रेघ घरबसल्या मोठी करून पाहता येते. शोधताना आडनाव ‘तांबट’, मधलं नाव ‘चिंतामण’ आणि ‘नवगिरे’ अशी सगळी रूपं टाकावी लागतात, एवढंच.

अजिंठ्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ साली छापले गेले आणि आज त्यांच्या प्रती संगणकावर चाळता येतात. भिंतीवरचा रंग गेली सव्वाशे वर्षं झडतो आहे, त्यामुळे काही तपशिलांसाठी मूळ भिंतीपेक्षा ही नक्कलच जुनी साक्ष ठरते. नक्कल म्हणून तिला कमी लेखून चालत नाही. ती कोणी, केव्हा, कशावरून केली हे ठाऊक असलं की झालं.

परदेशी संग्रहालयांपैकी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने २०१७ साली आपल्याकडच्या, हक्कांची मुदत संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं कोणालाही, कशासाठीही वापरायला मोकळी केली. क्लीव्हलँडने २०१९ मध्ये तेच केलं. जुन्या कलाग्रंथांसाठी गेटी संशोधन संस्थेचं पोर्टल अनेक ग्रंथालयांतले डिजिटल ग्रंथ एका जागी शोधून देतं.

घरचा खण उघडायचा तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत आहेत. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. तिथे नुसता ललित कला विभाग पाहू नये, कारण मुखपृष्ठांवरचा, लोककलेवरचा किंवा नेपथ्यावरचा प्रबंध मराठीच्या, इतिहासाच्या किंवा नाट्यशास्त्राच्या विभागात असू शकतो. केंद्र सरकारची ‘इंडियन कल्चर’ आणि ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ ही पोर्टलं वस्तूंची छायाचित्रं आणि दुर्मीळ पुस्तकं देतात. गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा छायाचित्रसंग्रह मंदिरं आणि शिल्पं यांच्यासाठी अजोड आहे.

सगळ्यात मोठं गोदाम मात्र इंटरनेट अर्काइव्ह. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य मराठी पुस्तकं तिथे आहेत. प्रकल्पाचं मूळ संकेतस्थळ बंद पडलं, प्रती इथे उरल्या. नोंदी करणाऱ्यांनी मराठी नावं रोमन लिपीत मन मानेल तशी लिहिली आहेत. ‘चित्रकला’ हा एक शब्द चार-पाच स्पेलिंगांनी शोधावा लागतो. स्वर एकेरी करून पाहावेत, दुहेरी करून पाहावेत, लेखकाचं नुसतं आडनाव टाकावं, प्रकाशनाचं साल टाकावं. धुरंधरांचंही तेच : जुन्या इंग्रजी छपाईत त्यांच्या नावातला ‘एच’ गळलेला सापडतो, आणि तो तसाच गाळून शोधलं की नवं काही हाती लागतं.

शुल्काच्या नियतकालिकांचं कोडं अर्धंच सुटलं आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली : तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे आणि भर विज्ञानाकडे. खासगी कला महाविद्यालयातल्या मुलाने जेस्टोरवर स्वतःचं मोफत खातं उघडावं. महिन्याला शंभर लेख वाचता येतात, आणि डिझर्टेशनला तेवढे पुष्कळ झाले.

भरवसा कशावर

ऑनलाइन असलेलं कायम राहील, हा समज २०२३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा फिटला. जगातल्या अभ्यासकांची रोजची वाट कित्येक महिने बंद राहिली. म्हणून उपयोगाचं पान दिसलं की उतरवून ठेवावं आणि ते कोणत्या तारखेला पाहिलं ते लिहावं.

लिलाव संस्थांचे कॅटलॉग उत्तम छपाई आणि चित्राच्या मालकीचा इतिहास देतात, पण ते विकण्यासाठी लिहिलेले असतात हे विसरू नये. समाजमाध्यमांवरचं चित्र हा निव्वळ धागा समजावा, पुरावा नव्हे. आणि हल्ली मुलं ज्याला आधी विचारतात त्या चॅटबॉटबद्दल एकच कसोटी पुरे : त्याने सांगितलेलं पुस्तक एखाद्या ग्रंथालयाच्या यादीत सापडतं का? अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची, खऱ्या वाटतील अशी नावं तो बिनदिक्कत देतो. लेखकही देतो, पृष्ठांकही देतो.

हक्कांचं गणितही ठाऊक हवं. भारतीय कायद्यानुसार कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचे हक्क २००४ च्या अखेरीस संपले. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांची चित्रं २०३१ च्या अखेरीपर्यंत हक्कांत आहेत. खासगी अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी कायदा सवलत देतो, पण तेच डिझर्टेशन पुढे पुस्तक व्हायचं असेल तर परवानगीची पत्रं आधीच लिहावीत.

त्या नऊवारीतल्या बाईचं काय झालं

आता मोबाइलवरच्या चित्राकडे परत जाऊ. उलट चित्रशोध केला की ते आणखी वीस ठिकाणी सापडतं, बहुतेक ठिकाणी नाव-गाव नसलेलं. चरित्रकोश उघडला की कळतं, धुरंधरांनी इंग्रजी पुस्तकांसाठी चित्रं काढली होती : एस. एम. एडवर्ड्‌स यांचं मुंबईवरचं ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२), आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत नेणारं किंकेड यांचं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४), ऑटो रॉथफेल्ड यांचं ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०). पहिली दोन प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहेत, तिसरं इंटरनेट अर्काइव्हवर. तिन्ही चाळायला एक दुपार पुरते. त्यांत ते चित्र मिळालं तर साल, पान आणि मूळ मजकूर एकदमच हाती येतो. मग खरा प्रश्न विचारता येतो : ही बाई धुरंधरांनी कोणासाठी काढली, मराठी घरासाठी की साहेबाच्या टेबलासाठी? नाही मिळालं तर पोस्टकार्डं, मग ‘वीसमी सदी’, मग औंध. वाट लांबते, पण तुटत नाही.

या आढाव्यातून एक उणीव वारंवार समोर आली. पुस्तकं आहेत, चित्रं आहेत, स्कॅन आहेत. त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या याद्या नाहीत. कोणत्या मराठी मासिकाच्या कोणत्या अंकात कोणाचं चित्र आहे, याची सूची नाही. प्रदर्शनांच्या कॅटलॉगांची सूची नाही. अशी सूची करायला मोठी संस्था लागते असं आपण धरून चाललो आहोत. दात्यांनी मात्र एकट्याने दीड शतकाची सूची केली. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत दरवर्षी डिझर्टेशनं लिहिली जातात, काळ्या कापडी बाइंडिंगमध्ये बांधली जातात आणि व्हायवा झाला की कपाटात जातात. त्यांच्यातल्या निष्कर्षांची गरज पुढे कोणाला फारशी पडत नाही. पण एखादीने एका मासिकाचे दहा वर्षांचे अंक पाहून त्यांतली चित्रं, चित्रकार, अंक आणि पान असं शेवटच्या परिशिष्टात नोंदवलं, तर पुढच्या वर्षीची मुलगी तिथून सुरुवात करते. तिच्या गाईडने विचारलेल्या चार प्रश्नांपैकी निदान दोन तरी आधीच सुटलेले असतात.